मागचा दिवा लागला का?

दिवेलागणीला गाडी बाहेर काढायची असली की आबा मला आधी गाडीच्या मागे उभं करायचे. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. ते आत बसून ब्रेक दाबायचे आणि तिथूनच हाक मारायचे, "लागला का?" मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचो, "लागला!" मग डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा. एखादा लागला नाही तर आबा उतरून येत, काचेवर मुठीनं हलकेच ठोकत, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानं तो लागायचा. आई ओट्यावर पिशव्या घेऊन थांबलेली असायची. सगळे दिवे लागल्याशिवाय आबा तिला गाडीत बसायला सांगत नसत.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८३ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जी फियाट इलेव्हन हंड्रेड डिलाइट बनत होती, तिचंच नाव १९७४ मध्ये पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा हँड गिअर, पुढे बाकासारखं सलग सीट आणि मागे शेपटाला उभे तांबडे दिवे. केळीला चांगला भाव मिळाला त्या वर्षी आबांनी नंबर लावला आणि गाडी दारात यायला कितीतरी दिवस गेले. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात ती आली त्या दिवशी आईनं तिला ओवाळलं. पुढे कुंकू लावलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, मागच्या दोन्ही दिव्यांनाही लावलं.

आबा गेल्यावर गाडी माझ्याकडे जळगावला आली. मी ती रोज चालवत नाही, पण गावी जाताना तीच काढतो. ममुराबाद, विदगाव, तापीचा पूल, धानोरा, अडावद हा रस्ता तिला पाठ आहे असं मला वाटतं.

त्याच रस्त्यावर श्रावणात कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, गावी निघालो होतो. रोट म्हणजे सगळ्या भावकीनं मिळून करायचा नैवेद्य, तेव्हा जायलाच हवं. शनिवारची संध्याकाळ, पावसाची बारीक झड, मागे आई आणि माझी मुलगी. पूल ओलांडला आणि थोड्या वेळानं पुढे म्हशींचा कळप आला, म्हणून मी गाडी हळू केली. मागून टायर घासल्याचा आवाज आला. आरशात दोन दिवे एवढे मोठे झाले की बाकी काही दिसेना. एक पिकअप आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर येऊन थांबली होती. चालक उतरून आला. चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "दादा, तुमनी गाडीले मांगे दिवा नही शे का?"

दिवा होता. मी पावसात मागे जाऊन पाहिलं, दोन्ही लागलेले होते. पण राखेखालचा निखारा असतो ना, तसे. मला जवळून दिसत होते म्हणून मी त्यांना दिवे म्हणत होतो. ओल्या काचेमागून साठच्या वेगानं येणाऱ्या माणसाला ते दिसणार कसे? सीटवर परत बसल्यावर माझे हात थरथरत होते. आई काही बोलली नाही. मुलीचा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता.

कानबाईच्या विसर्जनानंतर मी गावच्या अंगणातच स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. मागच्या दिव्याची तांबडी काच सोडवली, बल्ब आत दाबून फिरवला आणि काढला. पितळी बूड, त्यावर दोन बाजूंना दोन खुंट्या, एक वर आणि एक जरा खाली, म्हणजे बल्ब उलटा बसूच नये. बुडाच्या कडेला कोरलेलं होतं: १२ व्होल्ट, २१/५ वॅट. एकाच काचेत दोन तारा असतात. ५ वॅटची तार रात्रभर लागून राहते आणि ब्रेक दाबला की २१ वॅटची पेटते. उजेडाकडे धरून पाहिलं तर काच वरच्या बाजूनं काळसर चंदेरी झालेली. हा धूर नव्हे. तापलेल्या तारेतलं टंगस्टन वर्षानुवर्षं थोडं थोडं उडून काचेवर बसतं, त्याचा हा थर. तार मध्ये झोळीसारखी खाली आलेली. होल्डरमध्ये हिरवट गंज, मागच्या परावर्तकाची चकाकी गेलेली, आणि बाहेरची काच उन्हानं फिकी. एकट्या बल्बला दोष देण्यासारखं काही नव्हतं, सगळं मिळून म्हातारं झालं होतं.

मी होल्डर घासले, अर्थिंगचा स्क्रू काढून खालचा गंज पॉलिश पेपरनं उतरवला, नवे बल्ब घातले. फरक पडला, चांगला पडला. पण भर दुपारी तीस पावलं मागे जाऊन पाहिलं तेव्हा ब्रेक दाबलाय की नाही हे मला खात्रीनं सांगता येईना. आमच्या भागात उन्हाळ्यात दुपारचं ऊन कसं असतं हे सांगायला नको. त्या उन्हात दिसला नाही तर तो ब्रेकचा दिवा कसला?

एलईडीचा विचार तिथून सुरू झाला. मन तयार नव्हतं. जुन्या गाडीचा पिवळा उजेड हा माझ्यासाठी नुसता उजेड नाही. रात्री लग्नाहून परतताना डॅशबोर्डच्या उजेडात आबांची हनुवटी तेवढी दिसायची, बाकी चेहरा अंधारात. त्याच उजेडाकडे बघत मी कितीदा झोपी गेलोय. पण ती पिकअप डोळ्यांसमोरून हलत नव्हती. एका रात्री गाडीत नुसता बसलो असताना मी प्रत्येक दिव्याला मनातल्या मनात विचारायला लागलो, की बाबा, तू कोणाच्या डोळ्यांसाठी आहेस? मागचे दिवे मला कधीच दिसत नाहीत. ते पूर्णपणे दुसऱ्यासाठी आहेत. त्यांच्याबाबतीत माझ्या आठवणींचा काय संबंध? तिथे मी हट्ट सोडला.

मागे लावायचे ते एलईडी तांबडेच घ्यावे लागतात. तांबड्या काचेमागे पांढरा बल्ब चालत आलाय, कारण जुन्या तारेच्या उजेडात तांबडा भाग भरपूर असतो आणि काच तेवढाच बाहेर सोडते. पांढऱ्या एलईडीचं तसं नसतं. तो मुळात निळा असतो, वर पिवळ्या रंगाचा लेप देऊन पांढरा केलेला. हा निळा एलईडी ज्यांनी शक्य केला त्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढी मोठी गोष्ट, पण तांबड्या काचेमागे तिचा उपयोग होत नाही. उजेड मंद आणि गुलाबीसर पडतो. म्हणून तांबड्यामागे तांबडा, नारिंगीमागे नारिंगी.

दुसरं असं की तारेचा बल्ब चहूकडे उजेड फेकतो आणि परावर्तक तो गोळा करतो. काही एलईडींना फक्त टोकाला चिप्स असतात. ते समोरून डोळ्यांत टोचतात आणि बाजूनं पाहिलं तर दिवा विझल्यासारखा वाटतो. मी कडेनंही चिप्स असलेले शोधले. तिसरं म्हणजे रात्रीचा उजेड आणि ब्रेकचा उजेड यांत ढळढळीत फरक हवा. पहिली जोडी मी याच कारणासाठी परत केली. ती नुसतीच झगमगत होती, ब्रेक दाबला तरी तेवढीच.

एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. तारेला तापून पूर्ण उजेड द्यायला साधारण ०.२ सेकंद लागतात, एलईडी तत्क्षणी लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगानं येणारी गाडी ०.२ सेकंदांत सव्वाचार मीटरच्या पुढे जाते. म्हणजे माझ्या पद्मिनीच्या लांबीपेक्षाही जास्त. मी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर तीनदा केला. विदगावच्या पुलापलीकडे आमच्यात आणि त्या पिकअपमध्ये हातभर अंतर उरलं होतं.

इंडिकेटरनं मात्र अडवलं. नारिंगी एलईडी बसवले, दांडी खाली केली, तर दिवा लागला आणि लागूनच राहिला. टिकटिक नाही, उघडझाप नाही. इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या जुन्या फ्लॅशरच्या डबीत एक तार किंवा पट्टी असते. दोन २१ वॅटच्या बल्बांचा साडेतीन अँपिअर करंट तिच्यातून गेला की ती तापते, वाकते, जोड तुटतो, निवते, पुन्हा जुळतो. एलईडी एवढा थोडा करंट ओढतो की ती पट्टी तापतच नाही. दुकानात मला मोठाले रेझिस्टर लावायला सांगितले. ६ ओहमचा एक रेझिस्टर १२ व्होल्टला २४ वॅट नुसते गरम होण्यात घालवतो, म्हणजे बल्बाहून जास्त. मला ते पटलं नाही. मी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घेतला, त्याला अर्थिंगची एक जास्तीची वायर दिली की काम झालं. पण घेताना दहा मिनिटं दुकानात उभा राहून आवाज ऐकले. काही फ्लॅशर अगदी मुके असतात. आत रिले, म्हणजे थोड्या करंटनं उघडझाप होणारा छोटा स्विच, असलेला एक मिळाला, त्याची टिकटिक जुन्यापेक्षा किंचित बारीक आहे, पण आहे. इंडिकेटर चालू राहिलाय हे मला कळायला हवं, ही टिकटिक माझ्यासाठी आहे.

मागचं काम एवढं छान झालं की मला चढ आला. दिवाळीनंतर मी पुढच्या मोठ्या दिव्यांतही एलईडी घातले. आधीचे साधे ४५/४० वॅटचे बल्ब होते. नव्यांनी अंगणातली भिंत दुधासारखी पांढरी झाली. भावकीतले तरुण बघायला आले. रस्त्यावर निघालो तर कडेची बाभळ न् बाभळ दिसायला लागली. चार-पाच महिने मी अगदी समाधानात होतो. समोरून येणारे दिवे मारून खुणावत, मला वाटायचं गाडी ओळखून सलाम करतायत.

चैत्रात आईला सप्तशृंगीला नेलं. खान्देशातून चैत्री पुनवेला गडावर पायी जाणाऱ्यांची रीघ असते. धुळे, मालेगावकडून माणसं दिवसा झाडाखाली पडतात आणि ऊन उतरलं की रात्र चालून काढतात. आम्ही गर्दी टाळून दोन दिवस आधी दर्शन घेतलं आणि रात्री परत निघालो. गडाच्या पायथ्याचं नांदुरी सोडून कळवणच्या रस्त्याला लागलो. समोरून पदयात्री येत होते. हातात भगवे झेंडे, डोक्यावर बोचकी, पायांना फडकी बांधलेली. माझ्या गाडीचा उजेड त्यांच्यावर पडला आणि एकेक हात वर गेला. पहिल्यांदा मला वाटलं, देवीचा जयकार करतायत. मग दिसलं की सगळे डोळ्यांवर हात धरतायत. मी डिपर मारला, तरी हात खाली येईनात. एक बाई, आईच्याच वयाची, जागीच थांबली आणि तोंड फिरवून रस्त्याच्या कडेला खड्ड्याकडे सरकली. तिला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते दिसत नव्हतं. मी दिवे बंद केले, गाडी कडेला घेतली आणि नुसत्या पार्किंगच्या दिव्यांवर ती टोळी पुढे जाईपर्यंत थांबलो. मागून आई म्हणाली, "त्या बायाबापड्यांले आंधळं करशी का तू?" ती एरवी माझ्याशी शुद्ध बोलते.

कारण नंतर कळलं, आणि ते साधं आहे. पुढच्या दिव्याचा परावर्तक एका ठरावीक ठिकाणच्या तारेभोवती घडवलेला असतो. डिपरची तार मुख्य तारेच्या जरा पुढे असते आणि तिच्याखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. त्यामुळे उजेड परावर्तकाच्या वरच्या अर्ध्यावरच पडतो आणि तिथून रस्त्यावर खाली उतरतो. समोरच्याच्या डोळ्यांत जायचा उजेड ती नखाएवढी वाटी अडवते. एलईडीत चिप्स पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या. त्या तारेच्या नेमक्या जागी येत नाहीत, आणि वाटीचा हिशेब चुकतो. उजेड वाढला असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात तो सांडत होता. गाडीच्या मूळ बनावटीत मनाला येईल तसा बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं, हेही मग वाचलं. पण कायदा नसता तरी त्या बाईनंतर मी ते दिवे ठेवले नसते.

आल्या आल्या मी अजिंठा चौफुलीजवळच्या एका जुन्या वायरिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. आबांच्या वेळचे. त्यांनी एलईडी काढून माझ्या हातावर ठेवले, जुने बल्ब घातले आणि मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, दिव्याच्या होल्डरवर ११.६. मधले व्होल्ट चाळीस वर्षांच्या वायरी, झिजलेला स्विच आणि गंजलेलं अर्थिंग खात होतं. तारेच्या बल्बाचं गणित फार कडक असतं. व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. माझे दिवे अशक्त नव्हतेच, त्यांना पोटभर मिळत नव्हतं. मिस्त्रींनी बॅटरीपासून जाड वायर आणून दोन रिले बसवले, म्हणजे स्विचमधून फक्त रिलेला सांगण्यापुरता करंट जातो आणि दिव्यांना थेट बॅटरीवरून मिळतो. अर्थिंग नवं केलं. होल्डरवर १३.२ आले. रात्री भिंतीवर उजेड पाडला तर तोच पिवळा रंग, पण आबांनी गाडी आणली तेव्हा जसा असेल तसा. कडा नीट कापलेली, वर अंधार, खाली रस्ता. यासाठी मी मूळ वायरिंगमधली एकही वायर कापू दिली नाही. गाडीला २०३३ मध्ये पन्नास पुरी होतील. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंद होते. तेव्हा ती जशी होती तशी उभी करता यावी, म्हणून काढलेला प्रत्येक बल्ब मी डब्यात कापसात गुंडाळून ठेवलाय. कापूस आपल्याच शेतातला.

डॅशबोर्डचे बल्ब मी बदलले नाहीत. ते माझ्यासाठीच आहेत, आणि मला ते आहेत तसे हवेत. त्यावर जास्त काही सांगायचं नाही.

एकच दिवा मी बदलायला निघालो होतो, चार्जिंगचा लाल दिवा. किल्ली फिरवली की लागतो, इंजिन चालू झालं की विझतो. दोन वॅटचा, मुगाच्या शेंगेतल्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. हातासरशी तोही एलईडी करावा म्हणून मी बोट घातलं, तर मिस्त्रींनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या भाऊ. हाऊ दिवा नही शे. हाऊ करंटना रस्ता शे."

इंजिनावर फिरून गाडीची वीज करणारा आमचा मूळ डायनॅमो आबांच्या काळातच गेला होता आणि त्याच्या जागी त्यांनी अल्टरनेटर बसवून घेतला होता. डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व मुरलेलं असतं, तो आपला आपण जागा होतो. अशा अल्टरनेटरला मात्र सुरुवातीला बाहेरून थोडा करंट लागतो, आणि तो या लाल बल्बाच्या तारेतूनच जातो. साधारण एकशेसत्तर मिलिअँपिअर, बस. तेवढ्यानं आतलं चुंबक जागं होतं, अल्टरनेटर स्वतःची वीज करायला लागतो, दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं होतं आणि बल्ब विझतो. तिथे एलईडी लावला तर तो लागेल छान, पण त्याच्यातून जाणारा करंट अल्टरनेटरला उठवायला पुरेलच असं नाही. रात्री कुठेतरी अडावदच्या अलीकडे बॅटरी संपेल आणि नवे-जुने सगळे दिवे एकदम जातील. आबा किल्ली फिरवल्यावर त्या लाल दिव्याकडे क्षणभर बघून मगच स्टार्टर ओढायचे. मला वाटायचं सवय आहे. ते तो लागतोय का ते बघत होते.

परवा गावी होतो. आईला चोपड्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन ठरवायचं होतं. परतायला रात्र होईल म्हणून निघतानाच सगळे दिवे बघून घ्यावेत असं ठरवलं. मुलगी आत काहीतरी शोधत होती. मी सीटवर बसलो, लाल दिवा लागलेला पाहिला, इंजिन चालू केलं, तो विझला. मग ब्रेकवर पाय ठेवला आणि मुलीला हाक मारणार तेवढ्यात ओट्यावरून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या आईचा आवाज आला.

"लागला."

मी आरशात पाहिलं. ती गाडीकडे बघत होती. मी पाय उचलला.

"गेला," आई म्हणाली.

मी पुन्हा दाबला.